घर तपासायला माणूस हवा, पण कोणता?

"बँकेचा माणूस येऊन बघून गेला की! काही वावगं असतं तर कर्ज दिलं असतं का त्यांनी?"

घर घेणाऱ्यांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी त्यावर वाद घालत नाही. उलट विचारते, तो माणूस घरात किती वेळ होता? वीस मिनिटं. एखादा नळ सोडून बघितला का त्याने? नाही. छतावर गेला होता? नाही. मग केलं काय? खोल्यांची मापं घेतली, चार फोटो काढले आणि गेला.

त्या बिचाऱ्याचं काहीच चुकलेलं नसतं. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो.

## एकाच घराला तीन प्रश्न

बँक ज्याला पाठवते तो व्हॅल्युअर, म्हणजे किंमत ठरवणारा. उद्या तुमचे हप्ते थकले तर हे घर विकून बँकेचे पैसे निघतील का, एवढंच त्याला सांगायचं असतं. तो बँकेचा माणूस. न्हाणीघराची फरशी झिरपते की नाही, याने त्याच्या आकड्यात सहसा फरक पडत नाही.

दुसरा वकील. विकणारा खरोखर मालक आहे का, घरावर कोणाचा बोजा आहे का, हे तो कागदांवरून सांगतो. कागद चोख असलेलं घर गळकं असू शकतं.

तिसरा प्रश्न, म्हणजे हे घर राहायला कसं आहे, विचारायचा बहुतेकांच्या मनातच येत नाही. छत, भिंती, पाया, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी, वायरिंग, दारं-खिडक्या हे सगळं फिरून बघणारा आणि लेखी अहवाल देणारा माणूस म्हणजे होम इन्स्पेक्टर. आपण त्याला तपासनीस म्हणू.

त्याची तुलना फॅमिली डॉक्टरशी करावी. तो शस्त्रक्रिया करत नाही, पण नाडी बघतो, पोट दाबून बघतो आणि "हे साधं आहे, हे मात्र हाडांच्या डॉक्टरला दाखवा" असं सांगतो. घराच्या बाबतीत हाडांचा डॉक्टर म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर, इमारतीच्या मजबुतीचा जाणकार. प्रत्येक घराला त्याची गरज पडत नाही, आणि ती कधी पडते हे ओळखणं हा तपासनीसाच्या कामाचा मोठा भाग आहे.

हा धंदा तसा नवा आहे. अमेरिकेतली तपासनीसांची जुनी संघटना, अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स, १९७६ साली स्थापन झाली. काय काय तपासायचं आणि कसं वागायचं याचे लेखी नियम अशा संघटनांनीच हळूहळू घडवले. पण जगात सगळीकडे या कामाला परवाना लागत नाही. बऱ्याच ठिकाणी कोणीही कार्ड छापून तपासनीस होऊ शकतो. म्हणून तर निवडायचा कसा हा प्रश्न येतो.

## तो बघतो काय, आणि काय बघू शकत नाही

या तपासणीला 'दृश्य तपासणी' म्हणतात. डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल, कानाला ऐकू येईल तेवढंच. फरशी उखडायची नाही, भिंत फोडायची नाही, जड कपाट सरकवायचं नाही. घर अजून दुसऱ्याचं असतं ना.

एवढ्या मर्यादेत काय कळणार, असं वाटेल. एका मैत्रिणीच्या घर-खरेदीच्या वेळी मी तपासनीसामागे सकाळभर फिरले, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. घर छान होतं, नीटनेटकं. झोपायच्या खोलीत शिरल्यावर तो थबकला आणि म्हणाला, "बाकी तीन भिंतींचा रंग जुना आहे. ही एकच नवी का?" आम्ही दोघी त्या खोलीत आधी दोनदा जाऊन आलो होतो, पण हे दिसलं नव्हतं.

त्याने खिशातून ओल मोजायचं छोटं यंत्र काढलं. पुढे दोन टाचण्या असलेलं. या टाचण्यांमधून किती सहज वीज वाहते, यावरून ओलीचा अंदाज येतो. पण ते त्याने लगेच त्या भिंतीला लावलं नाही. आधी समोरच्या कोरड्या भिंतीला लावून आकडा बघितला, मग नव्या रंगाच्या भिंतीला. वर कमी, खाली दुपटीहून जास्त. का तसं केलं, विचारल्यावर म्हणाला, प्लास्टरवर हा आकडा एकटा काही सांगत नाही. खार फुटलेल्या भिंतीत क्षार असतात, त्यांनीही आकडा चढतो. कोरड्या जागेशी ताडून बघितलं तरच अर्थ.

मग तो भिंतीपलीकडे गेला. पलीकडे न्हाणीघर होतं. शॉवरखालच्या फरशीवर त्याने स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करायला सुरुवात केली. टण्, टण्, टण्, आणि कोपऱ्यात एकदम बद्द आवाज. मडकं वाजवून घ्यावं म्हणतात ते हेच. फरशीखाली पोकळी होती आणि सांध्यातला मसाला झिजला होता. काहीही न फोडता रोगाचा माग लागला.

हल्ली थर्मल कॅमेऱ्याचं फार कौतुक होतं. "आमच्याकडे थर्मल कॅमेरा आहे" हे ऐकून भारावून जाऊ नका. तो कॅमेरा भिंतीच्या आत बघत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान रंगांत दाखवतो. ओल वाळताना जागा थंड होते, म्हणून ओलसर भाग वेगळा दिसतो. पण आतून थंड पाण्याचा पाइप गेला असेल किंवा फटीतून वारा येत असेल, तरी तसाच डाग दिसेल. चांगला तपासनीस कॅमेऱ्यात डाग दिसला की तिथे ओलीचं यंत्र लावून खात्री करतो. नुसते रंगीबेरंगी फोटो अहवालात चिकटवणारा तुम्हाला फोटो विकतोय.

## खोट दिसत असते, सांगणारा भेटत नाही

घरातल्या मोठ्या खोटी क्वचितच पूर्ण लपलेल्या असतात. त्यांच्या खुणा बाहेर दिसतात आणि कोणी ना कोणी त्या पाहिलेल्या असतात. अडचण ही, की पाहणाऱ्याला गप्प बसण्यातच फायदा असतो.

कॅलिफोर्नियातल्या 'ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर' खटल्याचं उदाहरण बघा. नीट न दाबलेल्या भरावावर बांधलेलं एक घर विकलं गेलं आणि पुढे जमीन खचून त्याची वाताहत झाली. कोर्टापुढे आलं की उतारावर माती धरून ठेवण्यासाठी जाळी लावलेली होती, पाहुण्यांसाठीच्या घराची फरशी एका बाजूला कललेली होती, आणि एजंटांच्या नजरेला या खुणा पडल्या होत्या. खरेदीदाराला मात्र कोणी काही सांगितलं नाही. १९८४ साली तिथल्या अपील कोर्टाने निकाल दिला, की घर काळजीपूर्वक पाहणं आणि दिसलेली खोट खरेदीदाराला सांगणं हे एजंटचंही कर्तव्य आहे.

निकाल चांगलाच. पण मला त्यातली जाळी विसरता येत नाही. उघड्या जागी, उघड्या डोळ्यांना दिसणारी.

त्यामुळे तपासनीस निवडताना तो किती शिकलेला आहे याच्याही आधी एक गोष्ट बघावी: व्यवहार फिसकटला तर त्याचं काही नुकसान होतं का? यालाच हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात.

एजंटने "आमचा नेहमीचा माणूस आहे" म्हणून दिलेला तपासनीस घ्यावा का? सगळे एजंट खोटे नसतात आणि त्यांनी सुचवलेले सगळे तपासनीस मिंधे नसतात. पण ज्याला वर्षाची पन्नास कामं एका एजंटकडून येतात, तो त्या एजंटचे सौदे मोडत सुटेल का? माझं मत विचाराल तर यादी जरूर घ्यावी, पण त्या यादीबाहेरचा माणूस स्वतः शोधावा.

दुसरी गफलत दुरुस्तीची. "ओल आहे, मीच वॉटरप्रूफिंग करून देतो" असं तपासनीस म्हणाला की सावध व्हा. वर उल्लेख केलेल्या अमेरिकन संघटनेच्या आचारसंहितेत स्पष्ट नियम आहे: ज्या घराची तपासणी केली, तिथे तपासलेल्या गोष्टींची दुरुस्ती पैसे घेऊन वर्षभर करायची नाही. रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असला की रोग वाढत जातात. तुम्ही जिथे असाल तिथे असा नियम असो-नसो, तुमच्या कामापुरता तो तुम्ही लावू शकता.

फीचंही तसंच. ती आधी ठरलेली असावी, तुम्हीच द्यावी, घराच्या किमतीवर किंवा सौदा होण्या-न होण्यावर अवलंबून नसावी. आणि अहवाल थेट तुमच्या हाती यावा, एजंटमार्फत नाही.

## प्रमाणपत्र बघा, पण अहवाल वाचा

परवाना जिथे लागतो तिथे तो चालू आहे का ते बघायचंच. संघटनेचं सदस्यत्व असलं तर उत्तम. पण भिंतीवर टांगलेल्या कागदांपेक्षा एक गोष्ट जास्त बोलते: त्या माणसाने आधी लिहिलेला एखादा अहवाल. जुन्या गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता झाकून द्या म्हणावं. कुरकुर न करता देईल तो खरा.

वाचताना काय बघायचं? समजा एका अहवालात लिहिलंय: "न्हाणीघर: ओलीच्या खुणा. संबंधित तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा." दुसऱ्यात लिहिलंय: "मागच्या न्हाणीघरात शॉवरखालच्या कोपऱ्यातल्या तीन फरश्या पोकळ वाजतात, सांधे रिकामे. पलीकडच्या भिंतीवर जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत ओल. पाणी फरशीखालून जात असण्याची शक्यता जास्त. राहायला येण्याआधी फरशी काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करावं. आधी निचऱ्याचा पाइप तपासावा." पहिलं वाक्य तपासनीसाने स्वतःला वाचवण्यासाठी लिहिलंय, दुसरं तुमच्यासाठी.

जाडीवर जाऊ नका. जाडजूड अहवालातली बरीच पानं सगळ्या घरांना तीच असू शकतात. मला तर अहवाल उघडल्यावर पहिल्या पानावर 'तातडीचं', 'लवकरच करायचं' आणि 'लक्ष ठेवायचं' असे भाग दिसले की बरं वाटतं. गॅसची गळती आणि खिडकीची सैल कडी एकाच यादीत, एकाच आवाजात लिहिणाऱ्याला काय महत्त्वाचं ते कळत तरी नाही, किंवा सांगायचं तरी नाही.

आणि काय बघता आलं नाही, हे लिहिलंय का तेही बघा. "माळा कुलूपबंद होता", "भिंतीला लागून कपाट असल्याने मागचा भाग दिसला नाही". असं लिहिणाऱ्यावर जास्त विश्वास ठेवावा. सगळं बघितलं म्हणणाऱ्याने सगळं बघितलेलं नसतं.

## फोनवरचं बोलणं

"तपासणीच्या वेळी मी बरोबर आले तर चालेल का?" हा पहिला प्रश्न. उत्तर "हो, याच" असं यायला हवं. "तुम्ही कशाला त्रास घेता, अहवाल पाठवतो" असं उत्तर आलं तर फोन ठेवून पुढच्याला लावा. बरोबर फिरण्याने तुम्हाला घराची जी ओळख होते, ती कुठल्याच अहवालातून होत नाही. मुख्य व्हॉल्व्ह कुठे, कुठला ब्रेकर कशाचा, हेही त्यात आलं.

मग वेळ विचारा. साधारण आकाराच्या घराला दोन-तीन तास लागतात. तासाभरात दोन घरं उरकणारा माणूस नळ कधी सोडणार, सगळे फ्लश एका वेळी ओढून निचरा तुंबतो का ते कधी बघणार?

याच प्रकारची घरं त्याने किती बघितलीत, हेही विचारावं. जुनं दगडी किंवा लाकडी घर आणि काँक्रीटची इमारत यांचे आजार वेगळे. लाकडात वाळवीच्या मातीच्या नळ्या शोधायच्या असतात, काँक्रीटमध्ये गंजलेली सळई.

शेवटी करारातलं बारीक अक्षर. चूक झाली तर तपासनीसाची जबाबदारी घेतलेल्या फीपुरतीच, असं कलम बऱ्याच करारांत असतं. सही करण्याआधी ते वाचा, आणि त्याच्याकडे व्यावसायिक विमा आहे का ते विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

## "घर तर कोरं करकरीत आहे"

मग तर बघायलाच हवं. नव्या घराने अजून एकही पावसाळा किंवा हिवाळा काढलेला नसतो. निचऱ्याच्या पाइपात सिमेंट पडून राहिलेलं असतं, उतार उलटा गेलेला असतो, पॉइंटला अर्थिंगची वायरच जोडलेली नसते. अर्थ-लीकेज ब्रेकर, म्हणजे वीज गळू लागली की प्रवाह तोडणारं बटण, सहसा ३० मिलिअँपिअर गळतीच्या आतच पडायला हवं. ते खरंच पडतं का, हे यंत्र लावल्याशिवाय कळत नाही, आणि घर नवं म्हणून कोणी लावत नाही. शिवाय बांधणारा अजून तुमच्या हाताशी असतो. यादी आत्ताच दिली तर तो दुरुस्त करून देईल, दोन वर्षांनी फोन उचलेल का?

## "आमच्या नात्यातच इंजिनिअर आहे"

असेल, आणि हुशारही असेल. पण पूल बांधणाऱ्याने निचरा तुंबलेली मोरी शेवटची कधी बघितली? आणि नात्याची अडचण वेगळीच. त्याला रविवारी बोलवायचं, चहा पाजायचा आणि त्याने "ठीक वाटतंय" म्हणायचं. त्याला माळ्यावर चढायला सांगणं तुम्हाला जड जातं, आणि तुम्ही घराच्या प्रेमात पडलेले दिसत असताना "घेऊ नका" म्हणणं त्याला जड जातं. पुढे गळलं तर घर आणि नातं दोन्ही दुरुस्तीला.

## "तो उगाच घाबरवेल"

ही भीती मात्र अगदीच खोटी नाही. बहुतेक घरांच्या अहवालात कितीतरी दोष निघतात, आणि लांबलचक यादी पाहून माणूस गळाठतो. घाबरवणारेही असतात आणि सगळं छान म्हणणारेही. फरक भेगेवरून कळतो.

भेग दिसली की आपल्या पोटात गोळा येतो. पण भेगांचीही जात असते. ब्रिटनमधल्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संशोधन संस्थेने विटांच्या भिंतींच्या नुकसानीचे रुंदीवरून ढोबळ टप्पे केले आहेत. साधारण ५ मिलिमीटरपर्यंतची भेग दिसण्यापुरती. ५ ते २५च्या दरम्यान दारं-खिडक्या अडकू लागतात, पाइप तुटू शकतात, वापराला त्रास होतो. २५च्या पुढे इमारतीच्या स्थैर्याचाच प्रश्न. अर्थात नुसत्या रुंदीवर निकाल लागत नाही. विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली भेग घराचा एक भाग खचत असल्याची खूण असू शकते.

काँक्रीटमध्ये तर केसाएवढी भेगही घातक ठरते, ती सळईच्या रेषेत सरळ गेली असेल आणि तिच्या कडेला तपकिरी डाग असेल तर. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं आणि काँक्रीटला आतून ढकलतं. त्याउलट प्लास्टरवर पसरलेलं कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक तडकणं बघायला भीतीदायक, पण बहुतेकदा ते प्लास्टर वाळताना आकसल्याचं असतं.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. तपासनीसाला कुठलीही एक भेग दाखवा आणि विचारा, ही कशामुळे? "भेग आहे, धोका आहे" म्हणणारा आणि "काही नाही हो, सगळीकडे असतात" म्हणणारा, दोघेही सोडा. जो वाकून बघतो, पट्टी लावतो, भेगेच्या दोन्ही कडा एका पातळीत आहेत का ते बोट फिरवून पाहतो आणि मग बोलतो, तो ठेवा.

## "मग गॅरंटी मिळते का?"

नाही. तपासणी त्या दिवसाची असते. कोरड्या दिवसांत बघितलेलं छत पावसात गळू शकतं, चांगला चाललेला पंप महिन्याने जळू शकतो. गॅरंटी देतो म्हणणाऱ्या तपासनीसाला, तो ती कशाच्या जोरावर देतोय, ते लेखी विचारा.

## अहवाल हाती आल्यावर

वेळ चुकली तर चांगला अहवालही वाया जातो. मोठी रक्कम अडकल्यावर तपासणी केली की माणूस दोष वाचत नाही, दोषांना कारणं शोधतो. म्हणून तपासणी समाधानकारक झाली तरच व्यवहार पुढे जाईल, असं कलम करारात घालता येत असेल तर वकिलाला सांगून घालून घ्यावं. ते जमत नसेल तर पैसे देण्याआधी तपासणी.

त्यानंतर तुमच्यापुढे तीन वाटा असतात: दुरुस्ती करून मागायची, किंमत कमी करून घ्यायची, किंवा हात जोडून निघायचं. दुरुस्ती मागितलीत तर ती झाल्यावर त्याच तपासनीसाला पुन्हा बोलवा. फेरतपासणीची फी किती, ते पहिल्याच फोनवर ठरवलेलं बरं.

मैत्रिणीने ते घर सोडलं नाही. मालकाने न्हाणीघराची फरशी काढून काम करून दिलं. तपासनीस परत आला, निचऱ्याचं तोंड बंद करून त्याने शॉवरच्या खळग्यात पाणी साठवलं, कडेला पेन्सिलने पातळीची खूण केली आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा गेलो. पाणी खुणेला टेकलेलं होतं. पलीकडच्या खोलीत त्याने आधी समोरच्या भिंतीला यंत्र लावलं, मग या भिंतीला. आकडा अजून थोडा जास्तच होता. "आत मुरलेलं वाळायला वेळ लागतो," तो म्हणाला, "महिनाभर रंग लावू नका, आणि कपाटही चिकटवू नका." मैत्रिणीने तिथे कुठलं कपाट ठेवायचं ते केव्हाच ठरवून टाकलं होतं.